सोफ्यावरचा प्रीव्ह्यू

पडद्यावर नायिकेचं नाक माझ्या उंचीएवढं दिसत होतं. तिच्या गळ्यावर मेकअप जिथं संपत होता, ती रेघ थिएटरच्या शेवटच्या रांगेतूनही स्पष्ट कळत होती. मागच्या भिंतीचा वॉलपेपर एका कोपऱ्यात सुटला होता. दार लागलं की तो हलायचा आणि सगळं घरच पुठ्ठ्याचं आहे हे उघड व्हायचं. पुठ्ठ्याचंच होतं, पण ते कळायला नको होतं.

अंधारात माझ्या शेजारी आमचे प्रोग्रॅम-प्रमुख डॉक्टर केलर बसले होते. दुसऱ्या बाजूला फ्राऊ ब्रांट, या मालिकेच्या दिग्दर्शिका. दिवे लागल्यावर केलर माझ्याकडे वळून म्हणाले, "हेर लेले, हे असंच दिसणार आहे का?"

"इथं असंच दिसणार," मी म्हणालो.

"मग हे पत्रकारांना दाखवता येणार नाही. शरद ऋतूच्या प्रोग्रॅममधून ही मालिका काढू. तिच्या जागी क्विझ घालू."

फ्राऊ ब्रांटनी सिगारेट काढली, थिएटरात ओढायला मनाई आहे हे आठवून परत ठेवली आणि कोट उचलून बाहेर गेल्या.

ही साठच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. श्टुटगार्टला टेक्निकल युनिव्हर्सिटीतून शिकून मी दक्षिण जर्मनीतल्या एका टेलिव्हिजन केंद्रात इंजिनिअर म्हणून लागलो होतो. माझं आडनाव उच्चारायला सोपं म्हणून तिथं सगळे मला ‘हेर लेले’ म्हणत; हेर म्हणजे श्रीयुत, तसं फ्राऊ म्हणजे श्रीमती. जर्मनीत उन्हाळाभर लोक संध्याकाळी बागेत नाहीतर बाल्कनीत बसतात. दिवस लहान झाले की घरात येतात आणि टेलिव्हिजन लावतात. म्हणून नवे कार्यक्रम शरदात सुरू व्हायचे. त्याआधी वर्तमानपत्रांच्या समीक्षकांना बोलावून प्रत्येकाचा पहिला भाग दाखवायची पद्धत होती. दुसरं चॅनेल सुरू झाल्यापासून या प्रीव्ह्यूला फार महत्त्व आलं होतं. समीक्षकांनी नाक मुरडलं की वरचे लोक घाबरायचे.

प्रीव्ह्यूसाठी केंद्र दरवर्षी गावातलं एक सिनेमा थिएटर भाड्यानं घ्यायचं. फिल्मवर काढलेले कार्यक्रम तिथं छान दिसत. पण फ्राऊ ब्रांट यांची मालिका स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी काढून तीन बोटं रुंद मॅग्नेटिक टेपवर रेकॉर्ड केली होती. ती टेप वाजवणारं मशीन कपाटाएवढं. ते थिएटरात नेणं शक्य नव्हतं. मग आम्ही काय करायचो, तर टेप लावून टेलिव्हिजनच्या पडद्यावर आलेलं चित्र फिल्म कॅमेऱ्यानं पुन्हा टिपायचो आणि ती फिल्म थिएटरात चालवायचो. टेलिव्हिजनचं चित्र आडव्या ओळींनी बनतं. छोट्या पडद्यावर त्या डोळ्याला जाणवत नाहीत. थिएटरच्या पडद्यावर मात्र माणसाचं तोंड विणलेल्या चटईसारखं दिसतं.

मालिका तशी साधी होती. एका आडबाजूच्या स्टेशनवरचे म्हातारे स्टेशनमास्तर आणि त्यांची सून. मुलगा युद्धात गेला तो परतलाच नाही. मेल्याची बातमीही नाही. पहिल्या भागात दोघं रात्रीचं जेवतात, सूप चांगलं झालंय का, उद्या कोळसा येणार का, असं बोलतात. मुलाचं नाव कुणी काढत नाही. संपूर्ण भाग चेहऱ्यांवर होता. टेप बनवताना मी कंट्रोल रूममध्ये तो बघितला होता आणि मला तो फार आवडला होता. थिएटरात तोच बघताना माझंही लक्ष वॉलपेपरवर होतं.

घरी आलो तेव्हा माझी बायको सुमती खालच्या मजल्यावर घरमालकीण फ्राऊ हूबर यांच्याकडे होती. आमच्याकडे टेलिव्हिजन सेट नव्हता. संध्याकाळच्या बातम्या ती खाली बघायची, त्यातून जर्मनही शिकायची. जेवताना मी तिला सगळं सांगितलं.

"अहो, पण टेलिव्हिजनचा कार्यक्रम सिनेमाच्या थिएटरात कशाला दाखवायचा?" ती म्हणाली.

"तशी पद्धत आहे."

"घरात जेवायला बसलेल्या माणसाचं तोंड दारापेक्षा मोठं असतं का कधी? फ्राऊ हूबरबाईंच्या सेटवर दाखवा की."

मी हसलो, पण झोपेपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. पत्रकारांना फ्राऊ हूबरकडे नेता येणार नव्हतं. फ्राऊ हूबरचं घर मात्र केंद्रात आणता येण्यासारखं होतं. स्टुडिओ होता, टेपचं मशीन त्याच इमारतीत होतं, आणि सामानाच्या गोदामात नाटकांसाठी घेतलेले सोफे ढिगानं पडले होते.

सकाळी मी आधी फ्राऊ ब्रांटना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "केलर हो म्हणणार नाहीत. पण मी तुमच्याबरोबर येते."

केलर खरंच हो म्हणाले नाहीत. "आल्झो, म्हणजे समीक्षकांना सोफ्यावर बसवायचं? ते थट्टा समजतील."

"एकदा करून बघू," मी म्हणालो. "एक सोफा, एक घरगुती सेट. तुम्ही बघा आणि ठरवा."

"बघणार कोण? आपण तिघांनी तर आधीच बघितलंय."

"माझी बायको आहे. आणि आमच्या घरमालकीण."

"हेर लेले, तुमचं कॉन्ट्रॅक्ट शरदात रिन्यू व्हायचंय ना?"

"होय."

"मग नीट करा," ते म्हणाले. त्यात धमकी किती आणि सल्ला किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्राऊ हूबर चर्चला जायचा कोट घालून आल्या. सुमती इरकली नेसून. स्टुडिओच्या कोपऱ्यात आम्ही सोफा, लहान टेबल, टेबललॅम्प आणि दुकानात मिळतो तसा सेट मांडला होता. टेपमशीनचं चित्र केबलनं आणून, एका छोट्या डब्यातून, सेटच्या अँटेनाच्या जागी जोडलं होतं. सेटच्या दृष्टीनं तो रोजचाच कार्यक्रम होता. बाजूला कॉफी ठेवली होती. फ्राऊ हूबरनी तिच्याकडे बघून "ही पातळ आहे" असं मला हळूच सांगितलं.

भाग सुरू झाला. केलर मागे उभे होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ते पडद्याकडे बघतच नाहीयेत, फ्राऊ हूबरकडे बघताहेत. त्या पुढे झुकल्या होत्या. पडद्यावर सुनेनं सवयीनं टेबलावर तिसरं ताट मांडलं. मग न बोलता उचललं. सासऱ्यांनी बघितलं आणि सूपबद्दल काहीतरी म्हणाले.

"या, गेनाऊ," म्हणजे हो, बरोबर, असं फ्राऊ हूबर पडद्याला म्हणाल्या. अगदी शेजारणीशी बोलावं तशा. "असंच करतात. बोलत नाहीत."

त्यांचा धाकटा भाऊ पूर्वेच्या आघाडीवरून परतला नव्हता, हे मला तोवर माहीत नव्हतं. सुमतीला माहीत होतं. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघी तशाच शेवटपर्यंत बसल्या. वॉलपेपरचा कोपरा सुटलेला होताच. या पडद्यावर तो नखाएवढा होता.

भाग संपल्यावर फ्राऊ हूबरनी केलरना विचारलं, "पुढचा भाग कधी आहे?"

"ऑक्टोबरमध्ये," केलर म्हणाले. मालिका आपण काढून टाकली आहे, हे त्यांच्या तोंडून निघालं नाही. फ्राऊ ब्रांट खिडकीकडे जाऊन उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी सिगारेट पेटवली.

प्रीव्ह्यूच्या दिवशी स्टुडिओत आम्ही अशा बऱ्याच बैठका मांडल्या होत्या. एका सेटसमोर चार माणसं. काही समीक्षक आल्याआल्याच कुरकुरले. एकानं विचारलं, इथं फर्निचरची विक्री आहे का? केलरनी माझ्याकडे बघितलं. मी केबल तपासायला खाली वाकलो.

भाग चालू झाला आणि मधेच उजव्या बाजूच्या एका सेटवर चित्र वर सरकायला लागलं. तेव्हाच्या सेटचं हे नेहमीचं दुखणं. गरम झाले की चित्र एका जागी थांबत नसे. मागच्या बाजूला एक बटण असायचं, ते जरा फिरवावं लागे. ताटाचा प्रसंग अगदी तोंडावर आला होता. मी निघालो, पण सोफ्यांच्या मधून वाट काढेपर्यंत तो निघून गेला असता. त्या सेटसमोर बसलेल्या समीक्षकांत एक वयस्कर बाई होत्या. त्यांची लेखणी तिखट, सगळे त्यांना दबून असत. त्या उठल्या, सेटच्या मागे हात घातला, बटण फिरवलं आणि पडद्यावरची नजर न काढता परत येऊन बसल्या. शेजारच्याला म्हणाल्या, "माझाही असाच करतो."

मी तिथंच थांबलो. त्या क्षणी मला खात्री पटली की आपलं काम झालं. बाई आता प्रीव्ह्यूला आलेल्या नव्हत्या, घरी बसलेल्या होत्या.

भाग संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. घरी टेलिव्हिजनला कोण टाळ्या वाजवतं? पण लोक लगेच उठलेही नाहीत. एकमेकांशी हळू आवाजात बोलत राहिले, आणि बोलणं बरंचसं मालिकेबद्दल नव्हतं. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. नंतर छापून आलेल्या परीक्षणांत थोडं कौतुक होतं, थोडी टीका. मालिका संथ आहे असं एकदोघांनी लिहिलं, ते खरंच होतं. तिखट लेखणीच्या बाईंनी मात्र लिहिलं की ही मालिका एकट्यानं बघू नये, कुणाला तरी शेजारी बसवावं.

मालिका ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि चांगली चालली. क्विझही दुसऱ्या वारी सुरू झाली आणि तीही चालली. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. फ्राऊ ब्रांटनी सुमतीला आणि फ्राऊ हूबरना पुढच्या भागाच्या शूटिंगला बोलावलं. फ्राऊ हूबरनी येताना घरून थर्मासमध्ये कॉफी आणली. सोफ्यांची कल्पना डॉक्टर केलर यांची होती असं केंद्राच्या वार्षिक समारंभात सांगण्यात आलं. फ्राऊ ब्रांट माझ्याकडे बघून हसल्या. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. खरं तर ती कल्पना माझीही नव्हती, आणि जिची होती तिला मी घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा ती पोटभर हसली.

पुढच्या वर्षी केलरनी सर्व विभागांना आदेश काढला: यापुढे सगळे प्रीव्ह्यू सोफ्यावर. त्यात एक विनोदी कार्यक्रमही होता. थिएटरात लोक लोटपोट हसले असते. इथं चारचार माणसं सेटसमोर बसली, आणि प्रत्येक जण हसायच्या आधी दुसरा हसतोय का ते बघत राहिला. कुणीच हसलं नाही. परीक्षणं वाईट आली. त्यानंतर विनोदासाठी आम्ही पुन्हा थिएटर घ्यायला लागलो आणि कौटुंबिक मालिकांसाठी सोफे ठेवले.

कार्यक्रम कसा झालाय ते सगळेच तपासतात. बघणारा कुठं आणि कुणाच्या शेजारी बसणार आहे, हेही आधी तपासावं. आणि एकदा लागू पडलेला उपाय दुसऱ्यांदा वापरताना जरा विचार करावा, विशेषतः त्याचा आदेश निघाला असेल तर.