जावळासाठी अंदमानला

रामआसरे धोब्याचे नाव आधी लिहितो, मग बाकीचे. पोर्टब्लेअरच्या इस्पितळातल्या चादरी धुणारा हा माणूस त्या सकाळी होडीतून उतरला नसता, तर माझा भाचा दिगू आणखी दोन वर्षे तीन वेण्या घालून फिरला असता आणि माझ्या बहिणीला सासरी मान वर करता आली नसती. मी मराठी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. आभार पुस्तकी भाषेत कसे मानतात ते येत नाही. म्हणून घडले तसे सांगतो.

माझी थोरली बहीण, अक्का, अंदमानात असते. भाऊजी तिथे जंगलखात्यात कारकून आहेत. लग्नानंतर तिला पोचवायला मी एकदा गेलो होतो. परतल्यावर आमच्या देऊळघाटात लोक महिनाभर विचारत, "नामा, कोनता गुन्हा केलता बे? अन् इतक्या लवकर सोडलं कसं?"

यंदा पुन्हा निघालो तो भाऊजींच्या पत्रामुळे. आमच्यात पोराचे जावळ (जन्मापासूनचे केस) काढताना त्याला मामाच्या मांडीवर बसवतात, आणि तेही पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी. पहिल्या वर्षी मी तापाने अंथरुणावर होतो. तिसरे येत्या पौर्णिमेला संपत होते. अक्काच्या सासऱ्यांनी साखरखेर्ड्याहून कळवले होते, की सख्ख्या मामाला सवड नसेल तर आम्ही दुसरा कोणी बसवतो. हे ऐकून माय दिवसभर जेवली नाही.

निघताना तिने ज्वारीच्या पिठाचे गाठोडे दिले आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा गळ्यात बांधला.

"जहाजावर शंभर गावचे लोक. कोनाची नजर कशी, कोनाले माहीत? हे गळ्यातून काढू नको बरं."

"हाव माय," मी म्हणालो.

मलकापूरला आगगाडीत बसलो तो कलकत्त्यापर्यंत गाठोड्यावरच. तिथे जहाजात चढलो. मागच्या खेपेला मी चार दिवस फक्त ओकलो होतो. या खेपेला तसे झाले नाही. समुद्र निळा, शांत, आमच्या शेगावच्या यात्रेत तंबूवर ताणलेल्या कापडासारखा. मी मनात म्हटले, मायच्या बिब्ब्याचा गुण.

दुसऱ्या दिवशी मान खाजायला लागली. तिसऱ्या दिवशी गाल सुजला. शेजारचा मद्रासी माझ्याकडे टक लावून पाहत होता. मला वाटले, लागली नजर! मग मी तो बिब्बा कपाळाला टेकवला, दोन्ही डोळ्यांवरून फिरवला, झोपताना गालाखाली घेतला. जितके तोंड सुजे तितका मी बिब्ब्याला घट्ट धरी.

बिब्बा उततो, त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सुईने टोचलेला असेल तर जास्तच. पण मायने बांधलेला बिब्बा आपल्यालाच उतेल, हे काही केल्या डोक्यात आले नाही.

चौथ्या दिवशी बेटे दिसली. पाण्यापर्यंत उतरलेली हिरवी झाडी, वर पांढरे ढग. धक्क्यावर अक्का उभी, तिच्या कडेवर लांब केसांची एक मुलगी. तोच दिगू! मी हात हलवला. तेवढ्यात तपासणीला आलेल्या डॉक्टरने माझे तोंड पाहिले आणि दोन पावले मागे सरला.

"चेचक," तो म्हणाला.

मी वाद घातला नाही. डॉक्टर म्हणतो म्हणजे देवीच असतील, असे वाटून मला तिथल्या तिथे थंडी वाजू लागली. मला होडीत घालून बंदरातल्या एका लहान बेटावर नेले आणि पत्र्याच्या छपरीत एकटे ठेवले. रोग मरावा म्हणून माझे गाठोडे वाफेवर धरले. पिठाचा एकच मोठा गोळा झाला. पहारेकरी लांबून ओरडला, "पंधरा दिन!"

पौर्णिमा उद्यावर आली होती. मी त्या गोळ्याशेजारी बसून रडलो. देवीने मेलो तर मेलो, पण साखरखेर्ड्याचे सासरे काय म्हणतील?

सकाळी चादरी न्यायला रामआसरे आला. साठीचा, काळा, पाठीत वाकलेला. त्याने दारातून माझ्याकडे पाहिले, मग गळ्यातल्या दोऱ्याकडे, आणि असा हसला की खोकलाच लागला.

"अरे भैया, ये चेचक नहीं, भिलावा है! गले में साँप बाँध के पूछते हो किसने काटा?"

धोबी कपड्यांवर खुणा घालतात त्या याच बिब्ब्याच्या रसाने. त्याच्या दोन्ही हातांवर जुने डाग होते. त्याने दोरा तोडून समुद्रात फेकला. डॉक्टर आला तेव्हा रामआसरेने जे केले ते मी जन्मात विसरणार नाही. त्याने सरळ माझ्या सुजलेल्या गालावर तळहात ठेवला.

डॉक्टर ओरडला, "आता तूही पंधरा दिवस इथेच!"

"रख लीजिए हुजूर. चालीस साल से भिलावा घिसता हूँ. चेचक होती तो हाथ लगाता?"

डॉक्टरने चादरीच्या कोपऱ्यावरची काळी खूण पाहिली, रामआसरेचे डाग पाहिले, माझा ताप पाहिला. ताप नव्हताच. भीतीने थरथरत होतो तेवढेच. शेवटी, "जा, पण तोंड झाकून जा," असे म्हणून त्याने सोडले.

बिब्ब्यावर खोबरे हा उतारा, आणि तिथे खोबऱ्याला काय तोटा! रामआसरेने ओला नारळ वाटून माझ्या तोंडावर बोटभर जाड थापला. त्याच्याच होडीतून उन्हे कलताना अक्काच्या दारात पोचलो. न्हावी वस्तरा गुंडाळून निघतच होता.

"काऊन रे नामा," अक्का किंचाळली, "तोंडाले काय थापून राह्यला?"

"खोबरं. आधी पोराले मांडीवर दे, मंग बोल."

दिगूने मला पाहिले आणि जो टाहो फोडला! भाऊजींनी ओढले, अक्काने गोंजारले, तो खांब सोडीना. "भूत! भूत!" दिवस बुडायला आला. मग रामआसरेने वाटीत ताजे खोबरे आणले, एक घास दिगूच्या तोंडात घातला आणि दुसरा त्याच्याच हाताने माझ्या नाकावर थापवला. दिगू थांबला. पुन्हा एक घास खाल्ला, एक माझ्या कपाळावर थापला. मग स्वतःहून मांडीवर येऊन बसला आणि न्हाव्याचा वस्तरा फिरत असताना भिंत लिंपावी तसा मला लिंपत राहिला. डोके तुळतुळीत झाले तेव्हा डोळ्यांवरच्या खोबऱ्यामुळे मला काही दिसले नाही. अक्का रडत होती ते मात्र ऐकू आले.

"लिहा आता साखरखेर्ड्याले," ती भाऊजींना म्हणाली. "सख्खा मामा बसला म्हणा."

पुढचे तीन आठवडे भात आणि मासळी खाल्ली. वाफवलेल्या पिठाचा गोळा अक्काने फोडून, वाळवून, दळून घेतला. त्या भाकरी तव्यावरच मोडत. तरी एक तुकडासुद्धा कुणाला न देता सगळ्या तिनेच खाल्ल्या.

रामआसरे मूळ बलियाकडचा. शिक्षेवर आला होता, सुटल्यावर तिथेच राहिला. काय केले होते ते मी विचारले नाही. निघताना मी म्हटले, काका, माझ्याकडून काय पाहिजे ते सांगा. तो धोतराचा सोगा पिळू लागला.

"हमारी बिटिया फुलमती का ब्याह करना है. उसका कोई मामा नहीं. घरवाली के भाइयों ने हमको कब का छोड़ दिया."

एवढेच बोलला आणि चादरींचे गाठोडे उचलून चालता झाला.

आता मी देऊळघाटात आहे. तोंड बरे झाले. कानामागे एक काळा डाग राहिला. कुणब्याचा पोरगा धोब्याच्या घरी मामा म्हणून उभा राहणार, हे गावाला कसे सांगायचे याची धास्ती आहेच. पण भाऊजींना पत्र टाकले आहे, रामआसरेला वाचून दाखवा म्हणून: फुलमतीचे लग्न ठरले की तार करा. मी येतो. अंतरपाटामागे तिच्या पाठीशी तिचा मामा उभा असेल.