जोह्याची पेटी

कुंटेसरांच्या तोंडून 'पुस्तक' हा शब्द निघायचा तो इस्त्री होऊनच. 'पु'वर जरासं थांबायचं, 'स्त' अलगद टेकवायचा आणि 'क' असा ठेवायचा, की काचेच्या कपाटात पाहुण्यांचा कप ठेवतोय. सरू म्हात्रेला तो हुबेहूब जमायचा. अर्थात सर जिना उतरून गेल्यावर.

त्र्यंबक कुंटे हे पेणच्या नवविचार सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह, निवृत्त मुख्याध्यापक. सरू त्याच वाचनालयातली शिपाई. मिठागरावरची पोर, सातवीपर्यंत शिकलेली, जोह्यात दिलेली. एकोणीस वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तिच्या हातात झाडू होता आणि ग्रंथपालबाईंच्या हातात कुलूप. झाडताना टेबलावर उघडं राहिलेलं पान ती वाचायची, पुढचं पान उलटायची, आणि झाडायचं राहून जायचं. "सरू, कचरा अजून तिथंच आहे," असं बाई म्हणायच्या. "व्हय बाई, पन तिचा नवरा आत्ता घरी आलाय, जरा थांबा," असं सरू म्हणायची. पाच-सहा वर्षांत कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात कितव्या फळीवर, हे तिला बाईंपेक्षा आधी सांगता येऊ लागलं.

वाचनालय तसं जुनं. चार वकील आणि एक डॉक्टर यांनी वर्तमानपत्रं वाचायला म्हणून एक खोली घेतली, ती सुरुवात. मग खोलीची इमारत झाली, बायकांसाठी बुधवारची दुपार ठरली, आणि पुढे ती वेळ कोणी पाळेनासं झाल्यावर बायका रोजच येऊ लागल्या. खाडीकडची माणसं मात्र वाचनालयाच्या पायऱ्यांवर फक्त टेकायची, बाजार आटोपून, एसटीची वाट बघत. त्यांच्यासाठी म्हणून कधीतरी एका शहाण्या कार्यवाहांनी पेट्या काढल्या. पत्र्याची ट्रंक, आत चाळीस पुस्तकं, आठवड्याला बदलायची. अशा सहा गावांना सहा पेट्या जायच्या. नागोठण्याची पेटी एका पावसाळ्यात अंबा नदीने वाचायला नेली ती आणून दिलीच नाही. बाकीच्या चार टीव्हीने मिटवल्या. उरली एक जोह्याची, आणि ती उरली कारण ती सरू नेत होती.

दर शुक्रवारी सरू एसटीने जोह्याला उतरायची आणि थेट जगनच्या गणपतीच्या कारखान्यात शिरायची. आत पाचशे गणपती रांगेत, डोळे नसलेले, आणि त्यांच्या पायाशी बारा-पंधरा बायका-पुरुष. कोणी साच्यातून काढतंय, कोणी घासतंय, कोणी रंग मारतंय.

"आली गो फिरती कपाटीण," भाविका ओरडायची. भाविका पितांबराचा पिवळा मारायची आणि तिच्या तोंडाला बटण नव्हतं. "तो इनिस्पेक्टर मेला का जिता हाय, ते आधी सांग."

"पुस्तक तुझ्याकडं होतं ना गं आठ दिवस?"

"माझ्याकडनं जगनशेठनी नेला, त्याच्याकडनं त्याच्या सासूनी. सासू सांगंना. बोलते, वाचून बघ."

असं ते चालायचं. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात, जेवणाच्या सुट्टीत, चहाला, रंग सुकेपर्यंतच्या दहा मिनिटांत. हात धुवायला वेळ कुणाला? काशीबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या सगळ्यांत म्हाताऱ्या, आणि डोळे आखायचं काम त्यांचं. त्या म्हणायच्या, "वाचा मोठ्यानी, माझा हात चालू ऱ्हातो." मग कोणीतरी वाचायचं आणि काशीबाई एकामागून एक गणपतीला नजर देत जायच्या. गोष्टीत खून झाला की त्यांचा कुंचला क्षणभर वर थांबायचा, एवढंच.

घोटाळा इथंच झाला. परत येणाऱ्या पुस्तकांवर अंगठे होते.

मे महिन्यात एका दुपारी कुंटेसरांनी पेटी उघडली. वरचंच पुस्तक हातात घेतलं. पहिल्या पानावर पांढरा अंगठा. तिसऱ्यावर गुलाबी. सातव्यावर पिवळा, आणि त्याच्या शेजारी सोनेरी, अगदी मुकुटावर मारतात तसला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अंगठे तिथंच होते.

"सरूबाई. हे काय आहे?"

"बॉडी कलर, सर. गुलाबी म्हणजे अंगाचा."

"मी रंगाचं नाव विचारलं नाही!" सरांचा आवाज वरच्या पट्टीत गेला की ते थेट प्रार्थनेच्या तासाला पोचायचे. "हे पुस्तक आहे! भिंत नव्हे! पुढच्या पंधरवड्यात अलिबागहून तपासणी आहे, माहीत आहे ना? सरकारदरबारी आपल्या वाचनालयाचा ब वर्ग आहे. हे पाहिलं तर क करतील. रोह्याचे लोक हसतील आपल्याला!"

पेणच्या माणसाला रोह्याचा माणूस हसणार, यापुढे बोलणंच खुंटतं. दोन दिवसांत कार्यकारिणीची सभा झाली आणि ठरलं ते सरांनी सरूला सांगितलं. पेटी बंद. महिनाअखेरीला जोह्याची सगळी पुस्तकं परत आणायची आणि डागाळलेली माळ्यावर टाकायची.

सरूने बाहेर येऊन पायरीवर बसकण मारली. रडू आलं नाही. नुसतं डोळ्यांसमोर आलं, की शुक्रवारी ती कारखान्यात शिरतेय, हात मोकळे, आणि भाविका विचारतेय आणि तिच्याकडे सांगायला काही नाही. शेवटची पेटी. ती गेली की वाचनालय परत गावाबाहेरच्या माणसांसाठी पायऱ्यांपुरतं.

तिने कारखान्यात जाऊन खरं ते सांगितलं.

"आमच्या हातानं गेली गो," जगन म्हणाला.

"गेली कशी?" काशीबाई म्हणाल्या. "डाग हाय ना? डाग काढायचा. आपून काय करतो बारा म्हैने?"

आता रंगाऱ्यांना डाग दिसला की ते एकच करतात: वरून रंग मारतात. दुसऱ्या कुठल्या गावाला हे सुचलं नसतं. काशीबाईंनी पांढऱ्यात चिमटीभर पिवळा आणि थेंबभर तपकिरी मिसळून जुन्या कागदाचा रंग बनवला. असा बनवला, की बोट लावून बघावं लागे. डोळे आखायच्या कुंचल्याने त्यांनी एकेक अंगठा झाकला. अक्षराला धक्का नाही, ओळीला नाही. दोन दिवसांत गावात उरलेली सात पुस्तकं कोरी करकरीत. सरू बघून थक्क झाली.

मग जगनने, मालक म्हणून आपलाही काही हातभार असावा या प्रामाणिक हेतूने, सातही पुस्तकांना वॉर्निश मारलं. चकाकी यावी म्हणून.

सकाळी ती पुस्तकं उघडेनात. सात विटा झाल्या होत्या. भाविकाने एक ओढून बघितली, तर अर्धं प्रकरण एका बाजूला आणि अर्धं दुसऱ्या बाजूला गेलं.

"जगनशेठ," ती म्हणाली, "आता इनिस्पेक्टरला भगवंत पन सोडवू शकत नाय."

सगळे हसले. सरूही हसली, आणि मग मात्र तिला रडू आलं. ती विटा पिशवीत भरून पेणला आली आणि तिने त्या गुपचूप माळ्यावर, बाकीच्या डागाळलेल्या पुस्तकांशेजारी ठेवून दिल्या.

तपासणीला आल्या त्या ऋतुजा मॅडम. वय तीसच्या आत, पाठीवर सॅक, बोलणं मोजूनमापून. कुंटेसरांनी त्यांच्यासाठी नवा टेबलक्लॉथ घातला होता आणि सकाळपासून ते स्वतःशी 'वाङ्मयीन परंपरा' हे शब्द घोळवत होते.

मॅडमनी कपाट उघडलं, एक जाड ग्रंथ काढला. तो उघडताना कडकन आवाज झाला, नव्या बुटासारखा.

"हा शेवटचा कधी गेला होता?"

"आमचे वाचक फार चोखंदळ आहेत," सर म्हणाले.

मॅडमनी मागची चिठ्ठी बघितली. त्यावर एकही तारीख नव्हती. त्यांनी दुसरा काढला. कडकन. तिसरा. कडकन. चौथ्याला सरांनीच खोकून घेतलं, आवाज झाकायला.

मग मॅडम देवघेवीच्या नोंदवह्या घेऊन बसल्या. पेणचं पान उलटलं, जोह्याचं उलटलं, परत पेणचं. बोट जोह्याच्या रकान्यावर थांबलं.

"सर, तुमच्या वर्षभराच्या देवघेवीतली निम्म्याहून जास्त एका पेटीतून झालीय. चाळीस पुस्तकांतून. ही पुस्तकं कुठायत?"

"ती... ती दुरुस्तीला दिली आहेत." सर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते आणि ते त्यांना अजिबात येत नव्हतं. त्यांची नजर आपोआप माळ्याकडे गेली.

मॅडमची गेली. सरूची तर आधीच तिथं होती.

सरूने सरांकडे बघितलं. सरांनी मानेनं 'नको' म्हटलं, अगदी बारीक. तिला वाटलं, गप्प राहिलं तर वाचनालयाचा ब राहील, आपली नोकरी राहील, सगळं राहील. जोहे तेवढं राहणार नाही. ती शिडी आणायला गेली.

चार खेपांत तिने सगळं खाली उतरवलं आणि नव्या टेबलक्लॉथवर मांडलं. अंगठ्यांची पुस्तकं मांडली, आणि त्या सात विटाही मांडल्या.

मॅडमनी एक उघडलं. ते आवाज न करता पसरलं, सवयीच्या माणसासारखं. "हे कसले रंग?"

"सांगते मॅडम. हा पांढरा दिसतोय ना, हा साच्यातल्या प्लास्टरचा, म्हंजे हे फाल्गुनात वाचलंय. हा गुलाबी अंगाचा, तो वैशाखात लागतो. हा पिवळा भाविकाचा, पितांबराचा. ती भरभर वाचते, बघा, तिचा अंगठा दर दोन पानांनी हाय. आणि इथं बघा, ह्या पानावर." सरूने पान पुढे केलं. एकाच समासात सात अंगठे, सात रंगांचे, एकावर एक. "इथं त्या बाईचा पोरगा परत येतो. इथं सगळी थांबली. काशीबाईनी हे पान तीनदा वाचून घेतलं."

"काशीबाई वाचतात?"

"त्या ऐकतात. त्यांची नोंद वहीत नाय. तसली अजून नऊ जणं हायत."

"आणि ही?" मॅडमनी वीट उचलून टेबलावर टेकवली. ठक्.

सरूने तेही सांगितलं. कागदाचा रंग, कुंचला, जगनशेठ, वॉर्निश. काही लपवलं नाही. मॅडम ऐकत होत्या, ओठ घट्ट दाबून. वॉर्निशपाशी आल्यावर ते ओठ सुटले आणि त्या इतक्या हसल्या, की पेपर वाचायला बसलेले दोन आजोबा चष्म्यावरून बघू लागले.

कुंटेसर मात्र हसत नव्हते. त्यांच्या हातात एक जाड चरित्र होतं. ते पानं उलटत होते, एकेक, आणि शेवटाकडे चालले होते. पांढरा, पिवळा, पांढरा, गुलाबी. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीखाली, सोनेरी.

"हे पूर्ण वाचलं?" त्यांनी विचारलं. यावेळी आवाजाला इस्त्री नव्हती.

"जगनशेठच्या सासूनी. सोनेरी काम तिच्याकडं हाय."

"आमच्या मुलीने, श्यामलाने, हे चाळिसाव्या पानावर सोडलं होतं. रटाळ आहे म्हणाली." सरांनी पुस्तक मिटलं. "मी साठाव्या. कार्यवाह असून. कुणाला सांगू नका."

मॅडमनी सॅकमधून फॉर्म काढला. "सर, यात एक रकाना आहे, पुस्तकांचा प्रत्यक्ष वापर. दोन वर्षं मी तो वह्यांवरून भरतेय, कारण बघायला काही मिळतच नाही. आज पहिल्यांदा बघून भरते. पेटी बंद करायचा ठराव झालाय असं तुमच्या सभेच्या वहीत लिहिलंय. तो राहिला, तर मला तसं कळवावं लागेल. वर्गाचं मग मी काही सांगू शकत नाही."

"ठराव?" सर म्हणाले. "कुठला ठराव? सरूबाई, आपण असा काही ठराव केला होता का?"

"मला कसं ठाव सर? मी शिपाई."

"शिपाई कसल्या! मॅडम, या आमच्या ग्रामीण विभागाच्या प्रमुख." विभाग त्या क्षणीच स्थापन झाला होता. पण कार्यकारिणीने तो पुढच्या सभेत कायम केला, आणि सातवी पास बाईला साहाय्यक ग्रंथपालाचा अभ्यासक्रम कसा करता येईल, याची चौकशी करायचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं. आधी दहावी लागणार होती. "मग दहावी करा," सर म्हणाले, "मराठी आणि गणित मी घेईन." ब वर्ग राहिला. रोह्याला ही बातमी कळेल याची सरांनी फोनवरून जातीने काळजी घेतली.

शुक्रवारी सरू कारखान्यात शिरली. सगळ्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. हातात ट्रंक होती, इतकी भरलेली की कडी लागत नव्हती.

मग तिने सगळा प्रसंग करून दाखवला. कडकन उघडणारे ग्रंथ, सरांचा खोकला, मॅडमचे दाबलेले ओठ. स्प्रेचा आवाज बंद झाला. शेजारच्या दोन कारखान्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली. 'कुठला ठराव?'ला तर जगनला खाली बसावं लागलं. काशीबाईंनी कुंचला पाण्यात ठेवला, जे त्या दिवसभरात कधी करत नसत, आणि म्हणाल्या, "परत एकदा कर गो. ते ठरावाचं."

दारातल्या गर्दीत हमरापूरची एक बाई होती, नम्रता, रंग न्यायला आलेली. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "जोह्यालाच काय ते? आमची बोटं काय बिनरंगाची हायत?"

"अर्ज द्या," सरू म्हणाली, थेट ऋतुजा मॅडमच्या आवाजात.

अर्ज आला. एकोणचाळीस सह्यांचा. दोन पेट्या एका बाईला उचलणं शक्य नव्हतं, म्हणून पुढच्या मंगळवारी पेणच्या एसटी स्टँडवर कुंटेसर उभे होते, पांढरा सदरा, हातात छत्री आणि पायाशी नवी ट्रंक. गाडी आली. कंडक्टरने ट्रंक बघून विचारलं, "आजोबा, भांडी काय?"

"पुस्तकं," सर म्हणाले, भर स्टँडवर, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. "चाळीस. एक हमरापूर द्या."

मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, खुनाचं हाय काय एखादं?"

"आहे," सर म्हणाले, आणि ट्रंकेची कडी तिथंच, उभ्या गाडीत, उघडायला लागले.