हजेरीची काच

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती वासावरून. मी तेव्हा गोंदिया शहरातल्या एका ठाण्यात महिला हवालदार होते. शिक्षण सातवीपर्यंत. साहेब माझ्या लिहिण्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचे, पण बायांची चौकशी आली की अर्ज माझ्याच टेबलावर टाकायचे.

हा अर्ज एका राइस मिलचा होता. फाटकावर हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र नवीन बसवलं होतं. काचेवर अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागायचा. पण रोज सकाळी निम्मी रांग आत गेली की यंत्र अडायचं आणि त्याच्यातली बाई 'प्लीज ट्राय अगेन' म्हणत बसायची. मागे राहिलेल्या सगळ्या बाया संगणकात गैरहजर. एचआरच्या साहेबाने लिहिलं होतं, कोणीतरी मुद्दाम काच खराब करतं.

संशय म्हाताऱ्या हजेरीबाबूवर होता. तेवीस वर्षं त्याने मस्टर लिहिलं, यंत्र आल्यावर त्याला नुसतं फाटकाशी बसवून ठेवलं. चौकीदाराने खबर दिली की बाबू रोज सकाळी नजर चुकवून काचेवर बाही फिरवतो.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. जबाबाचा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. त्याच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"यंत्राचा राग आहे?"

"आहे जी. खोटं कायले सांगू? तेवीस वर्षं नावं पुकारली. आता ते मशीन माह्या माणसायले ओळखत नाही म्हणते."

"म्हणून काच खराब करता?"

"नाही."

"मग बाही कायले फिरवता?"

तो गप्प. चहा दिला, दरडावलं, पुन्हा चहा दिला. गप्पच. मला ते खटकलं. खोटं बोलणारा माणूस इतका वेळ गप्प बसत नाही, काहीतरी रचून सांगतो.

दुसऱ्या दिवशी साध्या साडीत मिलच्या फाटकावर उभी राहिले. दहा-बारा अंगठे नीट उमटले. मग यंत्र अडलं. मी पुढे झाले, वाकून काचेचा वास घेतला.

"अवं पाहा, ही बाई तं मशीनचा मुका घेऊन राहिली!" रांगेतून एक ओरडली. साऱ्या हसल्या.

लसूण आणि ओवा घालून कढवलेलं तेल. मी चार लेकरं वाढवली आहेत. हा वास तान्ह्या बाळाच्या मालिशीचा.

यंत्र अडण्याआधी जिचा अंगठा शेवटचा उमटला होता, तिला पोत्यांच्या थप्पीमागे नेलं. मी कोण ते सांगितलं.

"लेकरू किती महिन्यांचं?"

"मला लेकरू नाही, मॅडम."

तिचा ब्लाउज दुधाने ओला झाला होता. मी बोट दाखवलं. तिने पदर ओढून घेतला आणि रडायला लागली.

"रडू नको. रडण्यातून मला काही कळत नाही. बोल."

"चार महिन्यांची पोरगी आहे जी. ठेकेदार लेकुरवाळी बाई ठेवत नाही, म्हणून लपवलं. तिची मालिश करायची, जावेजवळ द्यायची, अन् पळत निघायचं. हात कितीही घासले तरी तेल जात नाही."

"त्या तेलाने यंत्र अडतं, ठाऊक आहे?"

"नाही जी. आईची शप्पथ."

खरंच ठाऊक नव्हतं. आत गेलेली बाई मागे वळून पाहत नाही.

आता तिचं नाव लिहिलं तर तिचं काम जाणार. काहीच लिहिलं नाही तर बाबूचं जाणार. ठाण्यात येऊन कोरा कागद पुढे ओढला. मग लिहिलं : काच कामगारांच्या हाताच्या तेलाने माखते. घातपात नाही. गुन्हा नाही. तिन्ही वाक्यं खरी होती.

एचआरच्या साहेबाने लॅपटॉप उघडला. "मॅडम, रूट कॉज क्या है?"

तो शब्द मला माहीत नव्हता. "तेल," मी म्हटलं.

"किसका?"

"हाताला तेल न लागलेली एक तरी बाई तुमच्या रांगेत दाखवा."

"तो फिर सोल्यूशन?"

"ओलं फडकं. आणि ते धरायला बाबू."

तो हसला, पण फडकं ठेवलं.

आठवड्याने तिकडून जाताना थांबले. बाबू यंत्राशी उभा होता. काच पुसायचा, सवयीने प्रत्येकीचं नाव हळूच पुकारायचा, मग ती अंगठा ठेवायची. ती बाई आली. बाबूने तिचा अंगठा हातात घेतला आणि फडक्याने नीट पुसला.

"निजली का पोरगी?" त्याने फक्त तिलाच ऐकू जाईल असं विचारलं.

"आत्ताच निजली, बाबूजी."

हिरवा दिवा लागला. ती आत गेल्यावर मी त्याला विचारलं, "तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"मस्टर लिहिलं बाई मी. कोण कायले पळत येते, सारं ठाऊक राहते. म्हणून तं बाहीनं पुसत होतो, पण कोरड्या बाहीनं तेल निघते कुठं?"

"मग ठाण्यात सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही लिहून घेऊन राहिल्या होत्या."

पुढे नोकरीत मी पुष्कळ जबाब घेतले. पण कोणी गप्प बसलं की आधी पेनाला टोपण लावायची, पेन टेबलावर ठेवायची आणि मग पुन्हा विचारायची.