नव्या कुपीतला उजेड

ताईंची सकाळ अंधारात जायची. बाहेर अकराचं लख्ख ऊन, जिन्यात पोरांच्या गप्पा, आणि ताई तिसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत दार लावून मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेल्या. बावीस वर्षं त्या या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. खरं नाव हजेरीपटापुरतं. तोंडात सगळ्यांच्या ताईच.

पेशींना रंग देणं हे त्यांचं काम. पेशीच्या पोटात डीएनएचा लांबच लांब धागा असतो. तो जिथे घट्ट गुंडाळलेला असतो, तिथे एक प्रथिन ठाण मांडून बसतं आणि आसपासच्या जनुकांना गप्प करतं. हे प्रथिन नुसतं बघून दिसत नाही. त्यासाठी सशाच्या रक्तातून काढलेली अँटीबॉडी लागते. ती नेमकं तेवढंच ओळखते आणि त्याला चिकटते. तिच्या पाठोपाठ चमकणारा रंग सोडला, की निळ्या केंद्रकात हिरवे ठिपके उजळतात. ते बघताना ताईंना वाटायचं, आपण एका झोपलेल्या गावावरून हलकेच तरंगत चाललोय आणि खाली घराघरांत कुणी दिवे मंद करून ठेवलेत. घरी धाकटी बहीण लोकांचे कपडे शिवायची. ती म्हणायची, ही संध्याकाळी घरी येते खरी, पण हिचे डोळे तासाभरानं मागून येतात.

एकदा अँटीबॉडीची कुपी संपली. नवी आली. नाव तेच, नंबर तोच, फक्त ससा दुसरा. ताईंनी रंगवलेल्या पेशींची पहिलीच काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. ठिपके नव्हेत, चांदण्या होत्या. लॅबच्या प्रमुख मॅडमना बोलावलं, त्याही हरखल्या. आणि लॅबमधली सगळ्यांत धाकटी संशोधक, जिला सगळे शेंडेफळ म्हणत, तिला तर आभाळ ठेंगणं झालं. तिचा शोधनिबंध त्या प्रथिनावरच होता, आणि आता चित्रं अशी आली होती, की छापणाऱ्यानं नाही म्हणूच नये. चारच दिवसांत तिनं तो छापायला धाडलाही.

ताई मात्र घरी जाताना चुकून एक गल्ली पुढे गेल्या. त्यांना एक गोष्ट खटकत होती. एक पेशी दोन व्हायला निघाली, की हे प्रथिन धाग्यावरून बहुतेक उठून जातं. तेवढ्यापुरते दिवे विझतात. जुन्या कुपीत ते विझायचे. नव्या कुपीत अशा दोन होणाऱ्या पेशींतही चांदणं तसंच होतं. असेल काही, म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. आठ दिवस रोज त्या चांदण्यात जाऊन बसल्या आणि कुणाला चकार शब्द बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी त्यांनी फ्रीझरच्या तळातून जुन्या पेशी काढल्या. एका आधीच्या संशोधकानं त्या पेशींतून या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलं होतं. म्हणजे प्रथिन नाही, मग ठिपकेही नकोत. पेशी वाढवल्या, रंगवल्या, काच खाली सरकवली. चांदणं जिथल्या तिथे. ही अँटीबॉडी भलत्याच कुणाला तरी चिकटत होती. दिसत होतं ते सगळं खोटं, आणि तरीही डोळ्यांना तितकंच गोड लागत होतं. ताई बराच वेळ उठल्या नाहीत. मग दार उघडून त्यांनी मॅडमना आणि शेंडेफळला आत बोलावलं.

दोघींनी आळीपाळीनं पाहिलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" शेंडेफळनं विचारलं.

"शंका पहिल्या दिवसापासून होती. खात्री आज झाली."

"मग इतके दिवस का थांबलात, ताई?"

ताईंनी पदराशी चाळा केला. कारणं पुष्कळ सांगता आली असती. "फार सुंदर दिसत होतं गं," त्या म्हणाल्या.

मॅडमनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. निबंध परत मागवला. शेंडेफळ चार दिवस लॅबला फिरकली नाही, पाचव्या दिवशी आली आणि कुणाशी न बोलता हातमोजे चढवून कामाला लागली. दुसरीकडून तिसरी कुपी मागवायला, ती तपासायला आणि सगळे प्रयोग पुन्हा करायला नऊ महिने गेले. तीन निष्कर्षांपैकी दोन टिकले. तिसऱ्यावर तिचा सगळ्यात जास्त जीव होता, तो गळून पडला. तेव्हापासून लॅबमध्ये या प्रथिनासाठी कुठलीही नवी कुपी आली, की आधी त्या प्रथिन नसलेल्या, रिकाम्या पेशींवर लावून बघायची, आणि बघायची ताईंनीच, असा शिरस्ता पडला.

तिसऱ्या कुपीची पहिली काच बघायला शेंडेफळ ताईंच्या शेजारी येऊन बसली होती. आधी रिकाम्या पेशी झाल्या. तिथे नुसता निळा अंधार, हवा तसा. मग खऱ्या पेशी. तिनं डोळे लावले आणि म्हणाली, "इथेही काहीच नाही."

"घाई नको करूस. डोळ्यांना जरा सवय होऊ दे."

शेंडेफळ हलली नाही. बऱ्याच वेळानं तिनं न बघताच ताईंचा हात चाचपून धरला आणि हळू आवाजात ठिपके मोजू लागली, एक, दोन, तीन.