हँडलचा रेडिओ

एस्प्लनेडजवळच्या एका दुकानदाराने मला फसवलं. रेडिओतला चांगला सेल काढून त्याने मेलेला सेल घातला, आणि वर मला चहा पाजला. भाव मी पाडला होता, हे खरं आहे. ते मी लपवत नाही. पण भाव पाडणं ही फसवणूक नव्हे. ते काम समोरासमोर, मोठ्या आवाजात, चारचौघांत होतं.

रेडिओ का लागला ते आधी सांगते. नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो. ते निवृत्त झाले तोवर माझा भाजणीचा आणि मसाल्यांचा धंदा उभा राहिला होता, म्हणून इथेच राहिलो. सुरुवात घरच्या मिक्सरवर झाली. आता हावड्याला भाड्याची जागा आहे, दोन चक्क्या आहेत, पाच बायका कामाला आहेत. मिरची मात्र अजूनही मीच सियालदहच्या घाऊक बाजारात उभी राहून, देठ मोडून बघून घेते. तिथले व्यापारी मला लांबून येताना पाहिलं की आपसात काहीतरी बोलतात. काय बोलतात ते मी विचारलेलं नाही.

सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे होते. एकोणीस वर्षं. माझे धाकटे दीर पुण्यात असतात. त्यांनी वडिलांना बोलावलं नाही असं नाही, पण सासऱ्यांना इथली सवय झाली होती. सकाळी खिडकीत बसून मासेवाल्याशी मराठीत भांडायचे. मासा खात नसत, तरी भांडायचे. कंबरेचं हाड मोडल्यापासून वॉकरशिवाय त्यांना चार पावलं टाकता येत नव्हती, आणि आमचं घर तळमजल्यावर, शहराच्या दक्षिणेकडच्या एका सखल गल्लीत आहे.

मागच्या मोठ्या वादळात वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि गल्लीतलं पाणी घोट्यापर्यंत घरात आलं. चौथ्या दिवशी फोन लागला तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या भागात पाणी भरणार हे मला इथे टीव्हीवर दिसत होतं. फक्त तुम्हालाच माहीत नव्हतं. पुन्हा असं झालं तर बाबांना मी घेऊन येणार."

"पुन्हा असं होणार नाही," मी म्हटलं.

"कशावरून?"

"मी सांगते म्हणून."

सासरे पलंगावरून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "काय गं, वादळाशीही घासाघीस करणार का तू?"

त्यांना जायचं नव्हतं. तसं ते बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांनी दोनदा मला विचारलं की रेडिओ आणायला कधी जाणार.

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. पेन्सिल सेलवर चालणारा जुन्या पद्धतीचा रेडिओ घ्यावा, सेलची दोन पाकिटं कपाटात ठेवावीत, झालं. मला ते पटलं नाही. सेल कपाटात पडून पाझरतात, ऐन वेळी बाहेर काढावेत तर हिरवे झालेले असतात, आणि वादळाची बातमी आली की दुकानातले सेल दुपारपर्यंत संपतात. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मी असा रेडिओ शोधला की ज्यात चार्ज होणारा सेल आत असतो. तो मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो, वर छोटं सौर पॅनेल असतं, आणि बाजूला फिरवायचं हँडल असतं. सौर पॅनेलला मी काही किंमत दिली नाही. वादळात ऊन कुठून येणार? मला हँडल हवं होतं. वीज नसली तरी हात असतातच.

त्या दुकानात मी सव्वा तास होते. दुकानदार पन्नाशीचा, मऊ बोलणारा. त्याने आधी एफएम लावून दाखवलं. मी म्हटलं, गाणी नकोत, मीडियम वेव्ह लाव. कारण इथल्या सरकारी केंद्राचं हवामानाचं आणि पाण्याचं निवेदन आम्हाला त्यावरच नीट मिळायचं. ते आत लागेना, म्हणून रेडिओ घेऊन मी रस्त्यावर आले. तिथे स्वच्छ लागलं. मग दोन मिनिटं हँडल फिरवून थांबले. रेडिओ वाजत राहिला. घड्याळ लावून पाहिलं, वीस मिनिटं वाजला.

"बौदी, आप तो इंजीनियर निकलीं," तो म्हणाला. बौदी म्हणजे इथल्या भाषेत वहिनी.

"मी गिऱ्हाईक आहे," मी हिंदीत सांगितलं. "आता भाव बोल."

त्याने बोललेल्या भावाच्या निम्म्याहून थोड्या वर मी त्याला आणलं. तो दोनदा रेडिओ फळीवर परत ठेवून बसला, मी दोनदा पायऱ्या उतरले. शेवटी म्हणाला, "ले जाइए. बोहनी खराब मत कीजिए." दुपारचे दोन वाजले होते, बोहनी कसली! पण मी हसले, कारण जिंकले होते. तो म्हणाला, बसा, चहा घ्या, तोवर आत नीट चार्ज करून पॅक करून देतो. रेडिओ घेऊन तो पडद्यामागे गेला. मी चहा प्यायले.

मिरचीचं पोतं एकदा फोडून बघितल्यावर मी ते नजरेआड होऊ देत नाही. हमालाच्या डोक्यावर चढेपर्यंत हात लावून उभी असते. त्या दिवशी मी खुर्चीत बसले.

घरी आल्यावर आणखी एक चूक केली, आणि ती माझ्या स्वभावातून आली. वस्तू जपून वापरायची. रेडिओ कपाटावर चार्जरला लावून ठेवला, म्हणजे सेल कायम भरलेला राहील. रोज सकाळी पाच मिनिटं लावून बघायचे, तोही चार्जरवरच. काढून वाजवला तर सेल झिजेल असं वाटलं. पाच महिने तो रेडिओ विजेच्या तारेवर वाजत होता आणि मला वाटत होतं सेलवर वाजतोय. आमचे हे एकदा म्हणाले, "अगं, तार काढून तरी बघ." मी म्हटलं, दुकानात वीस मिनिटं पाहिलंय.

मग वादळ आलं. या वेळी आधी सूचना होती. सकाळी नऊला पाड्याच्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या, क्लबातले तिघे आले. एरवी दिवसभर कॅरम खेळत असतात, पण अशा वेळी तेच येतात. त्यांनी सासऱ्यांना खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर मासिमांकडे नेलं. मासिमा निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. अकराला वीज गेली. बारानंतर मोबाइल बंद. मी चार्जरची तार काढून रेडिओ वर नेला.

दहा मिनिटं वाजला आणि मेला.

मी हँडल फिरवलं. फिरवत असेपर्यंत आवाज येई, थांबलं की बंद. आणि फिरवताना हँडलची घरघर इतकी की निवेदकाचा एक शब्द कळे, चार जात. मग नवऱ्याने फिरवलं, मी कान लावला. मग मासिमांनी कान लावला, कारण निवेदन बंगालीत. सासरे म्हणाले, "आणा इकडे, माझे पाय गेलेत, हात नाही गेले," आणि त्यांनीही फिरवलं. साडेतीनच्या निवेदनात मासिमांना ऐकू आलं की पाऊस कमी होईल. पुढचं वाक्य घरघरीत गेलं. नवऱ्याचा हात भरून आला होता. तोवर बाहेर पाऊस खरोखरच कमी झाला होता.

मासिमांकडे देशी संडास आहे. सासऱ्यांना त्यावर बसता येत नाही. सकाळपासून त्यांनी पाणी प्यायलं नव्हतं, म्हणजे प्रश्नच येऊ नये. चार वाजता त्यांचा चेहरा बघून मी ठरवलं की खाली न्यायचं. ठरवलं मी. क्लबातल्या तिघांनी दुसऱ्या गल्लीत जायच्या आधी त्यांना खाली आणून दिलं.

पुढचं वाक्य काय होतं ते दुसऱ्या दिवशी मासिमांच्या भाच्याने सांगितलं. त्याच्याकडे साधा पेन्सिल सेलचा रेडिओ होता. गंगेला भरती येतेय, ती असेपर्यंत शहराच्या नाल्यांची दारं बंद राहतील, साचलेलं पाणी उतरणार नाही. सखल भागातल्या लोकांनी रात्रीपर्यंत वरच राहावं.

सहाला पाऊस परत सुरू झाला आणि साडेसहाला पाणी उंबऱ्यावरून आत आलं. या वेळी गुडघ्यापर्यंत. आम्हा दोघांना खुर्ची जिन्याने वर नेता येईना. नवऱ्याचा तोल गेला तेव्हा मीच म्हटलं, नको. सासऱ्यांना जेवणाच्या टेबलावर बसवलं. चार तास ते तिथे बसले, ओला पायजमा, खांद्यावर माझी शाल. पहिला तासभर थट्टा करत होते. "काय वाढतेस?" म्हणाले. नंतर शाल कानांपर्यंत ओढून घेतली.

छातीत कफ झाला. दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. दीर विमानाने आले, त्यांनी आवाज चढवला नाही. "वहिनी, तुम्ही रेडिओ घेतलात म्हणाला होतात," एवढंच. मी रेडिओ दाखवला. ते म्हणाले, "स्वस्तातला घेतलात का?"

सासरे दिरांबरोबर पुण्याला गेले तेव्हा वॉकर इथेच राहिला. तिकडे नवीन घेतला म्हणे.

मग मी रेडिओ उघडला. मागचे चार स्क्रू काढले. आतला सेल हाताला हलका लागला. त्यावरचं निळं वेष्टन एका जागी दुहेरी होतं, खाली दुसऱ्याच रंगाचं. तो जुन्या कुठल्यातरी यंत्रातून काढलेला सेल होता.

दुकानदाराने मला ओळखलं. सेल काउंटरवर ठेवला, त्याने हातही लावला नाही.

"कंपनी का होगा, बौदी. मैं दूसरा डाल देता हूँ. फ्री."

"दुकानात वीस मिनिटं वाजला तो कोणत्या कंपनीचा होता?"

तो मऊ आवाजातच म्हणाला, "आप भी धंदा करती हैं ना? भाव नीचे जाता है तो माल भी नीचे जाता है. ये तो आपको मालूम होना चाहिए."

मला मालूम आहे. इथला एक दुकानदार माझ्या भाजणीचा भाव दर दिवाळीला पाडतो. मी उडीद-हरभऱ्याचं प्रमाण उतरवते, तांदूळ वाढवते. पण ते त्याच्या तोंडावर सांगते: या भावात हे मिळेल, घ्यायचं तर घे. त्याने घेतलं तर कुरकुर त्याची, पाप माझं नाही. भाव उतरला म्हणून माल उतरवायचा हक्क विकणाऱ्याला आहे, पण उतरवलेलं सांगितलं पाहिजे. रेडिओवाल्याने सांगितलं असतं की या भावात जुना सेल घालतो, तर मी आणखी पैसे दिले असते, किंवा शिव्या देऊन पायऱ्या उतरले असते आणि नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे पेन्सिल सेलचा घेतला असता. दोन्हीत सासरे घरी राहिले असते.

त्याने नवा सेल घातला. मी घालू दिला. फुकट मिळतंय ते मी सोडत नाही. आता रेडिओ सलग सात तास वाजतो, मी मोजलंय. तो सेल घालत होता तेव्हा या वेळी मी काउंटरवरून नजर हलवली नाही. मग तिथूनच दिरांना फोन लावला आणि दुकानदारापुढे धरला.

"बोल. काय केलंस ते यांना सांग."

त्याने फोनकडे पाहिलं, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून चार्जर दाखवू लागला. फोनमधून दिरांचा आवाज येत होता, "वहिनी? कोण आहे? वहिनी, राहू द्या ना आता."

मी राहू देणार नाही. त्यानंतर तीनदा त्या दुकानात जाऊन आले, पुन्हा जाईन. मला पैसे नकोत, माफी नको, चहा तर मुळीच नको. टेबलावर चार तास बसलेल्या माणसाला त्याने फोन करावा आणि हिंदीत, बंगालीत, त्याला येईल त्या भाषेत सांगावं की सेल मी बदलला, तुमच्या सुनेला ते माहीत नव्हतं. त्याने ते सांगितलंच पाहिजे.