बोर्डापुढची मांडी

माणसाचा पाय किती टक्के असतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. शाळेत टक्के वाढले की पेढे वाटतात. फौजेच्या कागदात टक्के वाढले म्हणजे माणूस तेवढा कामातून गेला, आणि पेन्शन मात्र वाढली! मग हसायचं की रडायचं? सोलापुरातल्या आमच्या एका खोलीत बसून मी हा प्रश्न कितीदा स्वतःला विचारला असेल. शेजारी दिवसभर मागाची खटखट चालायची, त्यात डोकं आणखीनच भणभणायचं.

आमचे मालक एकाहत्तरच्या लढाईत रसदीच्या ट्रकवर होते. काश्मीरकडच्या घाटात ट्रक उलटला आणि त्यांचा उजवा गुडघा खाली सापडला. पाय वाचला, पण गुडघा वाकायचा बंद झाला. पलटणीनं घरी पाठवताना हातात कागद दिला. तीस टक्के अपंगत्व, दोन वर्षं पेन्शन, त्यानंतर पुन्हा पुण्याला बोर्डापुढं हजर व्हायचं. बोर्ड म्हणजे एका टेबलामागं बसलेले तीन फौजी डॉक्टर. त्यांनी पाय बघायचा आणि टक्के ठरवायचे. वीसच्या खाली आले की पेन्शन बंद.

ती पेन्शन होती म्हणून आम्ही सोलापुरात होतो. गिरणीच्या गेटवर चौकीदारी मिळत होती, पण पाळीभर उभं राहायला पाय कुठून आणायचा? खोलीचं भाडं, पोरीची शाळा, सगळं त्या पेन्शनीवर. ती गेली तर बाडबिस्तरा उचलून केमजवळच्या गावी, दिराच्या दारात आणि जावेच्या हाताखाली. माझी जाऊ कशी आहे ते मी इथं लिहीत नाही. ती अजून आहे, आणि वाचायला येतं तिला.

दोन वर्षांनी बोर्डाचं बोलावणं आलं. साहेबापुढं जायचं म्हणून घरात लग्नघाई! तांब्यात निखारे घालून मी शर्टाला इस्त्री केली. मालकांनी बूट घासून घासून असे चमकवले की त्यात बघून भांग पाडावा. कोटावर पदक लावून स्वारी निघाली, आणि परत आली तीही खुशीत.

"साहेब लई खूश झाले," म्हणाले. "शाबास म्हणाले मला."

मीही वेडी, गूळ-शेंगदाणे वाटले. पुढं कागद आला, त्यात टक्के वीसच्या खाली आणि पेन्शन बंद.

आम्ही दोघं सैनिकांच्या कचेरीत गेलो. तिथले कारकून स्वतः जुने फौजी. त्यांनी कागद वाचला आणि मालकांना विचारलं, "आत गेल्यावर काय बोललात?"

"साहेबांनी इचारलं, कोई तकलीफ? मी म्हणलं, नहीं साहब."

कारकुनांनी कपाळावर हात मारला. "अहो भले गृहस्थ, तिथं तकलीफच सांगायची असते!"

"साहेबापुढं रडगाणं गाऊ व्हय?" मालक तडकले. "इतकी वर्सं नोकरी केली, एकदा न्हाय गायलं."

"आम्हीपण नाही गायलं," कारकून म्हणाले. "आपलं सगळ्यांचं तिथंच चुकतं." मग त्यांनी अपील लिहून दिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "या खेपेला वहिनी, तुम्ही बरोबर जा."

वाटेत मी यांना धरलं. "अहो, पाय दुखतो का नाही?"

"दुखतोय की."

"मग सांगत का नाही?"

"दुखणं येगळं, तकलीफ येगळी."

घ्या! माझं डोकं गरगरायला लागलं. दुखतो तर आहे, पण सांगायचं नाही. न सांगितलं तर तो कागदावर दुखत नाही. कागदावर दुखत नाही म्हणून पेन्शन नाही. शेजारच्या तेलुगू मावशींनी नवऱ्याची काठी आणून दिली, म्हणाल्या, "थोडं लंगडायला सांग गं, त्यात काय?" मालकांनी ती काठी सरळ माळ्यावर फेकली. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी पुन्हा बूट घासायला बसले. मला असा संताप आला की बुटाच्या पॉलिशची डबीच पदरात बांधून ठेवावी.

पुण्याला बाकड्यावर बसलो होतो. पुकारा झाला तसे मालक भिंतीला धरून उठले, भिंतीला धरूनच दारापर्यंत गेले. आणि पडद्याशी पोचताच भिंत सोडली, छाती काढली, टाच आपटून आत! मी पडद्याआड उभी.

"कोई तकलीफ?"

"नहीं साहब!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्यापर्यंत कशाला आलो होतो आम्ही? माझ्या डोळ्यांपुढं आमची रोजची पंगत आली. मी आणि पोर जमिनीवर जेवायला बसायचो आणि हा माणूस पत्र्याच्या ट्रंकेवर, पाय लांब सोडून, ताट मांडीवर घेऊन. फौजेतून आल्यापासून ते एकदाही पाटावर बसले नव्हते. मी पडदा सारला आणि तोंडाला येईल ते बोलले.

"साहेब, ह्यांना मांडी घालून खाली बसायला सांगा. बाकी काही विचारू नका."

मधले वयस्कर डॉक्टर मला बाहेर काढतील असं वाटलं. पण ते मालकांकडं वळून म्हणाले, "जवान, नीचे बैठो. पालथी मारकर."

हुकूमच तो. मालकांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. मग ते बसायला गेले आणि धाडकन आदळले. उजवा पाय तसाच ताठ. दोन्ही हातांनी तो वाकवायला लागले, कपाळावर घाम आला, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"उठो," डॉक्टर म्हणाले.

उठता येईना. धरायला भिंतही जवळ नव्हती. हात नुसता हवेत चाचपडत होता. माझा जीव तीळ तीळ तुटत होता, तरी मी जागची हलले नाही. मी उचललं असतं तर डॉक्टरांनी काय बघितलं असतं? शेवटी ते डॉक्टरच टेबलामागून आले आणि त्यांनी यांना काखेत हात घालून उभं केलं.

"पचास परसेंट," ते दुसऱ्याला म्हणाले. "जिंदगीभर के लिए. अब इन्हें दोबारा मत बुलाइए."

मी हात जोडले. खोली राहिली, शाळा राहिली, जावेचं दार टळलं! एवढ्यात मालकांचा आवाज आला, अगदी बारीक.

"साहब, फिर पलटन में वापस नहीं लेंगे?"

डॉक्टर म्हणाले, "नहीं, बेटा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ते बूट, ती इस्त्री, ती ताठ मान! पाय बरा दिसला तर परत घेतील, या आशेवर हा माणूस दोन्ही खेपांना 'नहीं साहब' म्हणत होता. आणि पाय बरा नाही हे सिद्ध करायला मी त्याच्या मागं लागले होते. देवा रे, एका घरात राहून मला हे दिसू नये?

स्टेशनवर गाडी लागली. डब्याची पायरी उंच होती. आजवर मी हात पुढं केला की झटकून टाकायचे. त्या दिवशी सगळ्या फलाटादेखत म्हणाले, "हात दे."

मी हात दिला. वर चढलो, जागा मिळाली, आणि मला जे रडू फुटलं ते दौंड आलं तरी थांबेना. समोरच्या बाईंनी हळूच मालकांना विचारलं, "कुणी गेलं का हो?"

"न्हाय," मालक म्हणाले. "पेन्शन मंजूर झाली."