वैशालीच्या बशीतला बोडा

दुर्ग स्टेशनवर उतरले तेव्हा वैशाली फलाटावर हात हलवत उभी होती. आम्ही दोघी नागपूरला एकाच प्रयोगशाळेत शिकलो. मग मी नाशिकला गेले, ती घरी भिलाईला परतली. रानअळंबी प्रयोगशाळेत वाढवणं मला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते आपल्याला जमलं, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. ते खोटं ठरावं, म्हणून मी आले होते.

रिसालीला तिच्या घरी जाताना तिनं सुपेल्याच्या बाजारात ऑटो थांबवली. बायका पानांवर बोडा (सालवृक्षाखाली मिळणारी, गोटीसारखी रानअळंबी) मांडून बसल्या होत्या.

"ताजा हे, दीदी," एक म्हणाली.

घरी तिचे बाबा, कारखान्यातून निवृत्त झालेले, दारातच म्हणाले, "या बाई. आमच्या पोरीनं काय केलं, पायलं का?"

जेवायला बोड्याचीच रस्साभाजी होती. बोडा वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. "मीठ जरा जास्त झालंय," मी म्हणाले. झालं नव्हतं.

सकाळी ती मला तिच्या कॉलेजात घेऊन गेली. टेबलावर काचेच्या दोन बश्या होत्या. एकीत बोड्याचे तंतू नखाएवढे वाढून थांबलेले. माझ्याकडे नेहमी असेच थांबतात. दुसरीत पांढरी जाळी पार काठापर्यंत.

"यात काय घातलंस?"

"काई नाही. बोड्यासोबत जे जिवाणू येतात, त्यायले मारलं नाही. बुरशी त्यायले साखर देऊन राहिली, अन् ते तिले जीवनसत्त्व."

मी ते दर वेळी मारत आले होते. इतकं सोपं!

"तुह्या लॅबमंदी करून पाय," ती म्हणाली. "तुह्याकडं झालं, तरच मी खरं मानीन."

परतीच्या गाडीत तिनं दिलेली, जिवाणूंसकट बुरशी असलेली नळी मांडीवर होती. डोंगरगडच्या टेकड्या गेल्या, माझं लक्ष नव्हतं.

नाशिकला मी प्रयोग लावला आणि रोज सकाळी बशी कोरी असावी असं मनात धरून दार उघडत राहिले. एका सकाळी जाळी काठाला टेकलेली दिसली. खोलीत कोणी नव्हतं. बशी धुऊन टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. नळ दोन पावलांवर होता.

मी फोटो काढून पाठवला.

लगेच फोन आला. वैशाली ओरडत होती, बाबांना हाका मारत होती, आणि मागून त्यांच्या धावत येणाऱ्या चपला ऐकू येत होत्या. मी फोन कानाला धरून उभी राहिले. घर सोडून इतक्या दूर जाऊन आले, पण मत्सर काही मागे राहिला नव्हता. हाक मारताच असं धावत येणारं माणूस तिच्या घरात आहे, याचाही मला हेवा वाटला.